पिशवीतल्या पाण्याचा हिशेब : एका मत्स्यबीज केंद्राचा अनुभव

पोळ्याच्या आठ दिवस आधी आम्ही या केंद्रावरून २०,००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळीची पिल्लं, आणली. कातला, रोहू आणि मृगळ, दीड ते दोन इंचांची. ४० पिशव्या, एका पिशवीत ५००. दर हजारी १,२०० रुपये, पिकअपचं भाडं आपलं. दिवाळीच्या तोंडावर नमुन्यापुरतं जाळं ओढलं तेव्हा कातला हाताच्या पंजाएवढी भरली होती. बीज चोख आहे, भेसळ नाही, मरतूक नगण्य. ज्याला एवढंच पाहिजे त्याने खुशाल जावं.

मला त्या केंद्राबद्दल जे मनापासून सांगायचं आहे ते मात्र मासोळीपेक्षा पाण्याबद्दल जास्त आहे, आणि त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

मी जहाजावर फिटर आहे. १७ वर्षं झाली. घर साकोली तालुक्यात. बाबा आणि दादा दोघंही ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीत, आणि सोसायटीकडे गावचा मामा तलाव लीजवर आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले. भंडारा-गोंदियाकडे असे तलाव गावोगाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. खाली धानाच्या बांध्या, वर पाळ, पाळीवर आंब्या-मोहाची झाडं. आमचा तलाव पावसाळा भरला की साधारण ९ हेक्टर पसरतो आणि मे महिन्यात मधल्या डबक्यापुरता उरतो. शिंगाडा, कमळकंद, झिंगे, मरळ, शिंगी, ज्याच्या घरी काहीच शिजत नाही त्याच्या घरीही या तलावातलं काही ना काही शिजतं.

मागच्या वर्षी मी जहाजावर होतो. दादाने दारावर गाडी घेऊन फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून बीज घेतलं. हजारी ८०० रुपये, म्हणजे स्वस्त. घाटावर पिशव्या फोडल्या, पाण्यासकट तलावात ओतल्या, हात धुतले. आमच्याकडे सगळेच असंच करतात. बाबांनी चाळीस वर्षं असंच केलं.

होळीला जाळं ओढलं तर निम्म्याच्या वर बारीक, काटेरी पाठीची, राखाडी मासोळी. तिलापिया. पुण्याकडे हिला चिलापी म्हणतात. बाबा जाळ्यापाशी उकिडवे बसले आणि एक एक उचलून बघत म्हणाले, "हिले कोनं बलावली बाप्पा?"

कुणीच बोलावली नव्हती. ही मासोळी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात फार, आणि वर्षातून अनेकदा विते. तलावात गर्दी होते, मग तिचीही वाढ खुंटते आणि आपल्या मासोळीचंही खाणं जातं. बोटभर लांबीची तिलापिया साकोलीच्या बाजारात कोण घेणार? वर्षाचं लीज, बीजाचे पैसे, राखणीच्या रात्री, सगळं त्या जाळ्यात दिसत होतं.

दुसरी गोष्ट आणखी उशिरा कळली. ज्या घाटावर पिशव्या फोडल्या होत्या, तिथेच दिवाळीच्या सुमारास जलपर्णीचे तीन-चार गड्डे तरंगताना वहिनीने पाहिले होते. फूल सुंदर, जांभळं, म्हणून लेकरांनी खेळायला घेतले. वैनगंगेत भंडाऱ्याजवळ ही वनस्पती काय करते ते आमच्या लोकांनी बघितलेलं आहे, पण आपल्या तलावात ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. अनुकूल हवा असली की ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. एप्रिलपर्यंत शिंगाड्याच्या कोपऱ्यावर तिची गादी झाली. गादीखाली उजेड नाही, उजेड नाही तर पाण्यातलं गवत नाही, आणि ते गवत नाही तर मरळ अंडी कुठं घालणार? गावातल्या बायांनी ४ आठवडे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती उपटली, कुणी मजुरी मागितली नाही. वहिनीच्या पायांना खाज सुटली ती धानाच्या रोवणीपर्यंत गेली नाही. गड्डे पिशवीतूनच आले, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, त्याच आठवड्यात दुसऱ्या गावचं मागून आणलेलं जाळंही त्या घाटावर पसरलं होतं. पण आलं ते बाहेरच्या पाण्यातून किंवा बाहेरच्या चिखलातून, याबद्दल मला शंका नाही.

दादाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी इंजिनरूममध्ये बॅलास्टच्या पंपाशेजारीच उभा होतो. त्या पंपाचं काम काय ते सांगितलं की माझा जीव का जळला ते कळेल.

जहाज माल घेऊन निघालं की जड असतं, पाण्यात नीट बसतं. माल उतरवला की हलकं होतं, वर येतं, वाऱ्याने डुलतं, जहाज ढकलणारा पंखा नीट बुडत नाही. म्हणून रिकामं होताना त्याच बंदराचं पाणी तळाच्या आणि कडेच्या टाक्यांत भरून घ्यायचं. त्याला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी दगड आणि वाळू भरायचे, लोखंडी जहाजं आली तसं पाणी आलं. आमच्यासारख्या कोळसा वाहणाऱ्या मध्यम जहाजावर हे पाणी २०,००० टनांच्या वर जातं. मग पुढच्या बंदरात माल चढवायचा, आणि चढवता चढवता ते पाणी तिथल्या समुद्रात सोडायचं. म्हणजे एका देशाचं पाणी, त्यातल्या अंड्यांसकट, पिल्लांसकट, शेवाळाच्या बीजांसकट, दुसऱ्या देशात ओतायचं. आम्ही पिशव्या ओततो तसंच. फरक फक्त मापाचा.

१९८० च्या दशकात असंच अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं एक पारदर्शक, जेलीसारखं जनावर जहाजांच्या पाण्यातून काळ्या समुद्रात गेलं. शास्त्रज्ञ त्याला निमिऑप्सिस म्हणतात. तिथं त्याला खाणारं कुणी नव्हतं. त्याने मासोळीचं खाणं खाल्लं, तिची अंडी आणि पिल्लं खाल्ली, आणि दशकाच्या शेवटी तिथल्या अँचोव्ही नावाच्या बारीक मासोळीचा धंदा बसला. बोटी किनाऱ्याला लागल्या. बाबांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी त्या कोळ्यांची जात विचारली. म्हटलं, तिकडं आपल्यासारखी जात नसते, पण काम हेच. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "मंग त्यायनं का केलं?"

काही करता आलं नाही. पुढं १९९७ च्या सुमारास तशाच वाटेने दुसरं एक जनावर आलं, जे पहिल्याला खातं, तेव्हा जरा मासोळी सावरली. अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत १९८८ साली झेब्रा शिंपली सापडली, ती कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडची. तिने पाण्याच्या योजनांचे नळच बुजवले. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ साली काळ्या पट्ट्यांची एक शिंपली नोंदली गेली, मूळची कॅरिबियन भागातली. पुढं ती मुंबईतही सापडली. हीच शिंपली १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला गेली, तेव्हा त्यांनी बोटी उभ्या करायच्या गोद्या दरवाजे लावून बंद केल्या, क्लोरीन आणि मोरचूद टाकून पाण्यातलं सगळं मारलं आणि शिंपली संपवली. समुद्रात असं यश फार थोड्यांना मिळालं आहे, आणि मिळालं ते पाणी बंद होतं आणि वेळेत दिसलं म्हणून.

पण जहाजवाल्याच्या दृष्टीने पाण्यापेक्षा वाईट असतो गाळ. २०१४ साली मी पहिल्यांदा तळाच्या टाकीत उतरलो. आधी पंख्याने दिवसभर हवा मारतात, मग मीटर खाली सोडून ऑक्सिजन २०.९ टक्के आहे का ते बघतात, मग माणूस जातो. आत उभं राहता येत नाही. लोखंडी खणाखणांतून, भोकाभोकांतून सरपटत जायचं, डोक्यावर बॅटरी. आणि खाली घोट्याएवढा काळा, गार, दाट चिखल. किती बंदरांचा ते सांगता येणार नाही. तो आम्ही खुरप्याने ओढून बादल्यांत भरत होतो, तेव्हा माझ्या हातमोज्यावरून नखाएवढा एक खेकडा चालत गेला. जिवंत. त्या अंधारात, त्या लोखंडात तो किती दिवस होता कोण जाणे. तलावाकाठचा मुलगा मी, खेकडा मला काही नवा नाही, पण त्या दिवशी मला भीती वाटली. काही शेवाळांची बीजं अशा गाळात वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात, हे मला नंतर प्रशिक्षणात शिकवलं. जलपर्णीचं बीही तळाच्या चिखलात तसंच झोपतं, हे दादाला मी त्याच फोनवर सांगितलं. "उपटली म्हणून गेली असं समजू नको, पुढची पाच-सहा वर्षं त्या कोपऱ्यावर नजर ठेव."

या सगळ्यावर जगाने २००४ साली एक करार केला, त्याच्या नावातच पाणी आणि गाळ दोन्ही आहेत. ८ सप्टेंबर २०१७ पासून तो लागू झाला. आधी निदान एवढं होतं की किनाऱ्यापासून २०० सागरी मैल लांब, खोल समुद्रात जाऊन पाणी बदलायचं, कारण बंदरातले जीव खोल समुद्रात तगत नाहीत आणि खोल समुद्रातले बंदरात. आता जहाजावर शुद्धीकरणाचं यंत्रच लागतं. आधी चाळणी, मग अतिनील दिवा किंवा समुद्राच्या मिठापासून विजेने केलेलं क्लोरीन. सोडताना एक घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉनपेक्षा मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असले पाहिजेत. पटकीच्या जंतूंचंसुद्धा माप ठरलेलं आहे. कुठलं पाणी, किती टन, कुठं घेतलं, कुठं सोडलं, हे वहीत लिहायचं आणि बंदरातला अधिकारी मागेल तेव्हा दाखवायचं. यंत्राचा त्रास आहे. हल्दियासारख्या नदीवरच्या बंदराच्या गढूळ पाण्यात चाळणी घडीघडी तुंबते आणि ती धुणं माझ्याकडे असतं. तरी मला ते काम आवडतं. चाळणीत अडकलेलं बघितलं की काय कुठं जाणार होतं ते डोळ्यांना दिसतं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी या वर्षी सुट्टीत दादासोबत बीज आणायला निघालो. तीन ठिकाणी गेलो. पहिल्या दोन ठिकाणी मी विचारलं, "भाऊ, पिशवीत पाणी कोणतं भरता?" एकाने हसून तळ्याकडे हात केला. दुसरा म्हणाला, "पानी ते पानीच असते ना भाऊ." तिथून निघालो.

तिसरं हे केंद्र. लाखांदूरकडे जाताना मुख्य रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंना धान. पाटी लहान आहे, चुकायला होते, कालव्याचा पूल ओलांडला की डावीकडे वळा. नवरा-बायको मिळून चालवतात. फाटकातच एक उथळ टाकं आहे, त्यात चुन्याचं पाणी, आणि त्यातून चप्पल बुडवूनच आत जायचं. दादाला वाटलं पाय धुवायला आहे. मी मात्र तिथेच थांबलो आणि मालकांना विचारलं हे कशासाठी. ते म्हणाले, "लोक चार तलावाचा चिखल घेऊन येतेत पायाले. आमच्या नर्सरीत कायले पायजे तो?"

एवढ्या वर्षांत माझ्या मुलखात चिखलाबद्दल असं बोलणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

आत आठ नर्सरी तळी आहेत. प्रत्येक तळ्याचं जाळं, बादली आणि हापा (पिल्लं ठेवायची पाण्यात बांधलेली जाळीची पेटी) वेगळा, कठड्यावर रंगाने आकडा टाकलेला. एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात जात नाही. वापरलं की लाल पोटॅशच्या पाण्यात बुडवून तारेवर कडक उन्हात वाळत घालतात. तळ्यात पाणी घ्यायच्या नळाला दुहेरी कापडाची पिशवी बांधलेली, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यालाही तशीच. आत येणाऱ्याला चाळणी बरेच लोक लावतात. बाहेर जाणाऱ्याला का, असं विचारल्यावर बाईंनी खालच्या नाल्याकडे बोट दाखवलं. "नाला चुलबंदला जातो," एवढंच. आपल्या तळ्यातलं काही निसटलं तर नदीत जाऊ नये, याचा त्यांनी विचार केला आहे. जहाजावर आम्हाला हे करायला आंतरराष्ट्रीय करार लागला.

बोटुकली एक दिवस आधी हाप्यात काढून उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पिशवीत घाण होत नाही आणि मरतूक कमी होते. निवडायचं काम बाई करतात. पांढऱ्या पसरट घमेल्यात थोडी थोडी घेऊन बघतात. मला त्यांनी शिकवलं, तिलापियाच्या पिल्लाच्या पाठीवरच्या पराला मागच्या बाजूला काळा ठिपका असतो, आणि कातल्याचं डोकं लहानपणीच अंगाच्या मानाने मोठं दिसतं. त्या दिवशी २०,००० मध्ये तिलापियाचं पिल्लू एकही निघालं नाही. तरी त्या प्रत्येक घमेलं बघत होत्या, घाईत नव्हत्या. आमच्या मागे दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांनाही थांबवलं. काहींना हा उशीर जाचेल. सकाळी ७ ला गेलात तर ११ पर्यंत सुटका नाही, हे धरूनच जा.

निवड झाली की मिठाच्या पाण्यात अर्धा मिनिट. माशांच्या उवा आणि अंगावरची बारीक कीड त्यात सुटते. मग पिशवी. आणि पिशवीत पाणी बोअरचं, आदल्या दिवशी टाकीत काढून, हवा मारून ठेवलेलं. तळ्याचं पाणी एक थेंब नाही. एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, तोंडाला दुहेरी रबर. मी एक पिशवी उन्हात धरून पाहिली. बोटुकली आणि स्वच्छ पाणी, बस. गवताची काडी नाही, गोगलगाय नाही, शेवाळाचा तंतू नाही. एका पिशवीत अंदाजे ६ लिटर पाणी, म्हणजे ४० पिशव्यांत २४० लिटर. मागच्या वर्षी त्या गाडीवाल्याचं असंच दोन-अडीचशे लिटर अनोळखी पाणी आम्ही आमच्या तलावात आमच्या हाताने ओतलं होतं.

मालकांना मी बॅलास्टचं सांगितलं. ते तासभर ऐकत होते, खेकड्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मी विचारलं, तुम्हाला हे पिशवीचं कुणी शिकवलं? म्हणाले, मत्स्य विभागाच्या प्रशिक्षणात थोडं सांगितलं होतं, पण खरं शिकलो ते एका उन्हाळ्यात पूर्ण नर्सरी उवांनी गेली तेव्हा. बाहेरून आणलेल्या नरमाद्यांच्या पाण्यातून आल्या होत्या.

थाई मागूर विचारणारे लोक अजून येतात, आमच्या समोरच एक आला. त्या मासोळीवर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे. ती मिळेल ते खाते, हवेतून श्वास घेते, पावसात ओल्या जमिनीवरून एका बोडीतून (लहान तळ्यातून) दुसरीत सरकते. आमची देशी मागूर आधीच कमी झाली आहे, तिला ही कुठं उरू देणार? मालकांनी त्या माणसाला सरळ नाही म्हटलं, आणि का नाही तेही समजावलं. तो नाराज होऊन गेला. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं म्हणणारे विक्रेते मी फार पाहिले नाहीत.

आता जिथं मला पटलं नाही ते. केंद्रात सायप्रिनस (कॉमन कार्प) विकतात. कायदेशीर आहे, सरकारी योजनांतही देतात, लवकर वाढतो, मागणी आहे, सगळं मान्य. पण तोही बाहेरून आणलेलाच मासा, आणि तळाचा चिखल उकरून खाण्याची त्याची सवय. पाणी गढूळ राहतं, पाण्यातलं गवत मुळासकट निघतं. आमच्या तलावांत खोल पाणी कमी, गवत आणि देवधानाचा (रानटी भाताचा) पट्टा मोठा, आणि तिथेच देशी मासोळी वाढते, तिथेच पाखरं उतरतात. सिमेंटच्या किंवा खाजगी शेततळ्याला सायप्रिनस देणं वेगळं, मामा तलावाला देणं वेगळं. मी हे मालकांना बोललो. ते म्हणाले, मी नाही दिला तर दुसरीकडून नेतील, आणि तिथल्या पिशवीत काय असेल ते कोण बघेल? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तरी घेणाऱ्याला कुठल्या तलावात टाकणार हे विचारून मगच द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

दुसरं, मोजणी. घरी आणल्यावर आम्ही ५ पिशव्या मोजून पाहिल्या, दोनमध्ये ३०-४० कमी निघाली. फोन केला, तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला आणि कुरकुर न करता दुसऱ्या खेपेत एक पिशवी जादा दिली. वाटीच्या मापाने मोजतात, थोडा फरक पडणारच, पण मोठी खेप घेणाऱ्यांनी निदान दोन पिशव्या समोर मोजून घ्याव्यात. बायांसाठी बसायला सावली आणि संडासाची सोय नाही. बचत गटाच्या बाया बीज न्यायला येतात, हे लवकर करायला हवं. बिल हाताने लिहून देतात, सोसायटीच्या ऑडिटला चाललं.

मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा सायप्रिनसचा कापला.

बीज सोडताना आम्ही काय केलं तेही लिहितो, कारण केंद्राने कितीही स्वच्छ दिलं तरी घाटावर चूक आपलीच होते. पिशव्या बंदच १५-२० मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार-गरम होईपर्यंत. मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घेतलं. मग पिशवी बारीक जाळीच्या टोपलीत ओतली, टोपली खाली घमेल्यात. बोटुकली टोपलीसकट तलावात, आणि घमेल्यातलं पाणी पाळीच्या मागे, बांधीकडेही नाही, कोरड्या मुरमाड जागी खड्डा करून त्यात. ४० पिशव्यांना दोन तास गेले. सोसायटीची माणसं सुरुवातीला बघत उभी होती. काका म्हणाले, "येवढं चोख पानी, ते काहून फेकून रायला?" चोख असलं तरी फेकायचं, म्हणजे सवय राहते, आणि पुढच्या वेळी चोख नसलेलं आलं तरी हात तसाच चालतो, असं मी म्हटलं. बाबा काही न बोलता दुसरी टोपली घेऊन पाण्यात उतरले.

एक गोष्ट केंद्राच्या हातात नाही, पण ती वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी हातात असेल. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारची योजना चालते. चांगली योजना आहे, आमच्या बांध्यांना त्या गाळाने जोर आला. पण तेच पोकलेन आणि तेच टिप्पर जलपर्णीच्या तलावातून निघून दुसऱ्या दिवशी चांगल्या तलावात उतरतात, चाकांना आणि बकेटला तोच चिखल लागलेला. मे महिन्यात आमच्याकडे गाडी आली तेव्हा मी जहाजावरून फोन करून दादाला सांगितलं, आधी पाळीच्या बाहेर टँकरच्या पाण्याने चाकं धुवायला लाव, मगच आत घे. ड्रायव्हर चिडला होता. दादाने त्याला चहा पाजला आणि पाइप स्वतः धरला. ज्या कोपऱ्यात जलपर्णी होती तिथला गाळ आम्ही शेतात टाकूच दिला नाही, पाळीबाहेर ढीग करून वाळवला.

तिलापिया अजून आहे. मे महिन्यात डबकं उरलं तेव्हा सोसायटीने ते पूर्ण ओढून काढलं, मोठी-लहान सगळी, मरळ आणि शिंगी तेवढी हाताने निवडून बोडीत सांभाळली. तरी परवाच्या जाळ्यात तीन सापडल्या. पाठीवरचा पर बघून बाबांनीच ओळखल्या. पुढच्या मे महिन्यात परत ओढावं लागणार.

केंद्राची वेळ सकाळी ७ ते १२, दुपारी उन्हात बीज देत नाहीत. आषाढात जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं), श्रावणात त्याहून मोठं बीज, पोळ्याच्या आसपास बोटुकली मिळते. दोन दिवस आधी फोन करून नोंदवा, म्हणजे हाप्यात काढून ठेवतात. ऑक्सिजनचे पैसे दरातच आहेत. पावसाळ्यात पिकअप पुलापर्यंतच जाते, पुढं पिशव्या डोक्यावर आणाव्या लागतात, माणसं सोबत न्या.

डिसेंबरमध्ये माझं जहाज आहे. पुढच्या पोळ्याला मी इथं नसेन, दादा आणि वहिनी जातील. बारीक जाळीच्या आणखी चार टोपल्या बाबांनी विणायला घेतल्या आहेत, दोन झाल्या.